सुरांवर नाव कोणाचे?

स्मरणिकेच्या पानांवर धम्मविषयक चिंतन असावे, चळवळीचा मागोवा असावा, परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचे अभिनंदन असावे आणि शेवटी वर्षाचा जमाखर्च असावा, अशी आपली आजवरची रीत आहे. त्या रीतीत सहज न बसणाऱ्या एका विषयावर आम्ही लिहीत आहोत. विषय आहे गाण्यांच्या एका संग्रहाचा. आणि तोही भीमगीतांचा नव्हे, तर कॅरिबियन बेटांतून ह्या देशात येऊन राहिलेल्या कृष्णवर्णीय बांधवांच्या रेगे आणि डब संगीताचा. वाचकांनी नवल वाटून पान उलटू नये, एवढीच सुरुवातीस विनंती.

संग्रहाचे नाव 'सफरर साउंड्स' असे आहे. त्याचे निर्माते डेनिस बोव्हेल. १९७६ ते १९८० ह्या काळात त्यांनी लंडनमध्ये घडविलेल्या रचना ह्या संग्रहात एकत्र आल्या असून 'डिसायपल्स' ह्या कंपनीने तो २०२४ साली प्रसिद्ध केला. आमच्या नातीने तो घरी आणला आणि बैठकीच्या खोलीत लावला. दोनचार क्षणांतच आम्हां उभयतांनी एकमेकांकडे पाहिले. हा आवाज आम्ही पूर्वी ऐकला होता. कोठे, ते सांगितल्यावाचून पुढचे सांगता येणार नाही. आणि ते सांगणे आम्हांस भूषणावह नाही.

भिंतीपलीकडचा आवाज

१९७८ साली आम्ही दक्षिण लंडनमधील एका लांबलचक रांगेतल्या घरात राहत होतो. दोन घरांमधील भिंत इतकी पातळ, की पलीकडे कोणी खोकले तर इकडे कळावे. पलीकडे बार्बाडोसहून आलेले एक कुटुंब होते. आई एका रुग्णालयात रात्रपाळी करीत असे. दोन तरुण मुलगे होते. त्या मुलांनी स्वतः लाकूड कापून, तारा जोडून कपाटाएवढे स्पीकर तयार केले होते. शनिवारी रात्री तळघरात त्यांची मित्रमंडळी जमे आणि गाणी सुरू होत. आमच्यापर्यंत त्यांचे शब्द पोहोचत नसत, सूरही पोहोचत नसत. पोहोचे तो केवळ खालचा, जड, संथ ठोका. त्या ठोक्याने आमच्या मांडणीवरची स्टीलची ताटे एकमेकांस लागून किणकिणत. मुलगी तान्ही होती, सकाळची पाळी असे, आणि आम्ही अंथरुणात उठून बसत असू.

एके दिवशी गल्लीतील काही गोरे शेजारी एक तक्रारअर्ज घेऊन दाराशी आले. दोन वर्षांत ज्यांनी आम्हांस साधे 'गुड मॉर्निंग' म्हटले नव्हते, ते त्या दिवशी प्रथमच हसून बोलले. अर्ज नगरपालिकेकडे जाणार होता. आम्ही सही केली. स्वच्छ अक्षरांत, पूर्ण आडनावासह. थोड्या आठवड्यांनी त्या मुलांनी आपले स्पीकर एका जुन्या व्हॅनमध्ये चढवून कोठेतरी नेले. गल्ली शांत झाली. त्याच हिवाळ्यात एका मध्यरात्री आमच्या मुलीस ताप चढून श्वास लागला, तेव्हा आम्ही त्याच घराचे दार ठोठावले. आणि थोरल्या मुलाने त्याच व्हॅनमधून आम्हांस रुग्णालयात पोहोचविले. त्याच्या आईने तक्रारीचा विषय कधीही काढला नाही. तिला त्या कागदावरची नावे ठाऊक होती किंवा नव्हती, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस तेव्हा झाले नाही. पुढे ती माणसे घर सोडून गेली.

झोपमोड होत होती, हे खरे. परंतु केवळ झोपेसाठी ती सही झाली नव्हती. आम्हांस त्या गल्लीत चांगले ठरायचे होते, आणि चांगले ठरण्यासाठी आमच्याहून वाईट असा कोणीतरी दाखविता येणे सोयीचे होते. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी आपणांस शिकविले: वरच्याचा जाच सोसणाऱ्यालाही आपल्या खाली कोणीतरी आहे ह्याचे समाधान मिळते आणि त्या समाधानावरच सगळी उतरंड उभी राहते. हा धडा आम्ही तोंडपाठ केला होता. परंतु परक्या देशात एका पातळ भिंतीने आमची परीक्षा घेतली, तेव्हा तो आठवला नाही. लहानपणी आमच्या गावी जयंतीच्या मिरवणुकीतली हलगी एका ठराविक कोपऱ्यावर थांबवावी लागे, कारण पुढच्या आळीला तिचा 'त्रास' होई. त्याच आळीतून लग्नाची वरात बँड वाजवीत रात्रभर फिरली, तर ते वाद्य असे. कोणाच्या आवाजास संगीत म्हणावयाचे आणि कोणाच्या आवाजास गोंगाट, हे कान ठरवीत नाहीत, समाजातील स्थान ठरविते, हे आमच्याइतके कोणास कळावयास हवे होते?

ह्या पार्श्वभूमीवर हा संग्रह आम्ही ऐकला. ऐकता ऐकता आणि त्याविषयी वाचता वाचता आमचे जे मत बनले, ते असे: ज्यांच्या सुरांना जगाने गोंगाट म्हटले, त्यांनी ते सूर स्वतः जपले पाहिजेत आणि त्यांवर स्वतःचे नाव घातले पाहिजे. बोव्हेल ह्यांनी ते केले आहे. आपण अद्याप केलेले नाही.

गाणे उकलण्याची विद्या

डब हा शब्द आपल्या पिढीस अपरिचित असेल, म्हणून त्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. जमैकात दुसऱ्या महायुद्धानंतर साउंड सिस्टिमची प्रथा वाढली. मोठे स्पीकर, तबकड्या वाजविणारा एकजण, बोलून रंग भरणारा दुसरा, आणि समोर अंगणात नाचणारी गरीब वस्ती, असे त्याचे स्वरूप. ज्यांना महागड्या क्लबात प्रवेश नव्हता आणि घरी रेडिओग्राम नव्हता, त्यांचे ते सभागृह होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस गायकाचा आवाज वगळून केवळ वाद्यांची तबकडी वाजविण्याचा प्रयोग तेथे झाला आणि लोकांनी ते गाणे स्वतःच्या तोंडाने पुरे केले. तेव्हापासून तबकडीच्या एका बाजूस गाणे आणि दुसऱ्या बाजूस त्याचे हे दुसरे रूप, असा पायंडा पडला.

किंग्स्टन शहरातील ओसबोर्न रडॉक ऊर्फ किंग टबी ह्या गृहस्थाने १९७० च्या दशकात त्याची स्वतंत्र कलाच केली. हा मनुष्य मूळचा विजेची उपकरणे दुरुस्त करणारा. झालेले ध्वनिमुद्रण तो मिक्सरवर उकलून बसे. गायकाचा आवाज क्षणभर येऊ द्यावयाचा आणि काढून घ्यावयाचा. गिटारचा एकच आघात प्रतिध्वनीत, म्हणजे आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या भाषेत एकोमध्ये, दूरवर विरू द्यावयाचा. आणि सगळे काढून घेतल्यावर जे उरते, ते म्हणजे ढोलताशांचा आणि बेस गिटारचा पाया, तेवढाच पुढे आणावयाचा. घराच्या भिंती उतरवून पाया दाखवावा, तसे हे काम आहे. वाद्ये वाजविणारे निराळे असतात; परंतु गाण्याचे अंतिम रूप मिक्सरपाशी बसलेल्या माणसाच्या बोटांतून घडते. म्हणूनच ह्या संगीतात निर्माता आणि ध्वनिमुद्रक ह्यांना कलावंताचा मान आहे. १९८९ साली किंग टबी ह्याची त्याच्या घराबाहेर गोळ्या घालून हत्या झाली. त्याची विद्या मात्र तोपर्यंत समुद्रापार पोहोचलेली होती.

पातळ भिंतीतून आमच्यापर्यंत पाया तेवढाच पोहोचत होता, हे आता कळते. एका अर्थाने आम्ही प्रत्येक शनिवारी डबच ऐकत होतो, आणि त्याला त्रास म्हणत होतो.

नाव लपविण्याचे दिवस

डेनिस बोव्हेल ह्यांचा जन्म १९५३ साली बार्बाडोसमध्ये झाला. बाराव्या वर्षी ते लंडनला आईवडिलांकडे आले. आधी आईवडिलांनी यावे, नोकरी व खोली मिळवावी, आणि आजीआजोबांजवळ ठेवलेल्या मुलांना मागाहून बोलवावे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या घरात घडलेली आहे; ती अधिक सांगावयास नको. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी सहकाऱ्यांसह 'मटुम्बी' हे वाद्यवृंद पथक उभे केले; गिटार, बेस, ध्वनिमुद्रण, संगीतरचना अशी सर्व कामे ते करू लागले. त्यांची स्वतःची साउंड सिस्टिमही होती. तिचे नाव 'सफरर'. जमैकाच्या बोलीत सफरर म्हणजे सोसणारा, वस्तीतला गरीब माणूस. दया मिळावी म्हणून हे नाव घेतलेले नव्हते. सोसणाऱ्यांनी ते स्वतःहून, मान वर करून घेतले होते. 'दलित' हा शब्द ज्या भावनेने १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी 'पँथर' ह्या शब्दाशेजारी ठेवला, ती भावना आपणांस ठाऊक आहे; म्हणून ह्या संग्रहाचे शीर्षक आम्हांस भाषांतरावाचून कळले.

१९७४ साली उत्तर लंडनमधील क्रिकलवुड येथील कॅरिब क्लबात ही साउंड सिस्टिम वाजत असताना पोलीस आत शिरले आणि मोठी झटापट झाली. बारा तरुणांवर खटला भरण्यात आला. त्यांत बोव्हेल होते. ध्वनिक्षेपकावरून लोकांस चिथावल्याचा आरोप त्यांच्यावर होता. त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. सुमारे सहा महिने तुरुंगात काढल्यावर अपिलात त्यांची सुटका झाली. गाणे वाजविणाऱ्या हाताला बेडी पडली, ती शेवटी चुकीची ठरली. परंतु गेलेले महिने कोण परत देणार? १९८० साली फ्रँको रोसो ह्यांनी 'बॅबिलॉन' नावाचा चित्रपट काढला. लंडनमधील एका साउंड सिस्टिमची आणि तिच्या तरुणांची ती कथा. बोव्हेल ह्यांच्या अनुभवाची छाया तिच्यावर आहे आणि संगीतही त्यांचेच आहे. अमेरिकेत तो चित्रपट प्रदर्शित व्हावयास २०१९ साल उजाडावे लागले, ह्यावरून ह्या कथेला दारे किती उशिरा उघडली ते समजावे.

ह्या सर्वांहून अधिक आम्हांस जे लागले, ते निराळेच आहे. त्या काळी लंडनमध्ये बनलेल्या रेगेला किंमत नव्हती. गोऱ्या श्रोत्यांचे सोडा. कॅरिबियन ग्राहक आणि तबकड्या वाजविणारेही जमैकाहून आलेलाच माल अस्सल मानीत. तेव्हा बोव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. नाव नसलेल्या कोऱ्या चकत्या लावून, जणू त्या नुकत्याच जमैकाहून उतरल्या आहेत असा आव आणून त्यांनी तबकड्या बाजारात सोडल्या. 'फोर्थ स्ट्रीट ऑर्केस्ट्रा' हे त्यांचेच एक घेतलेले नाव. 'ब्लॅकबियर्ड' हे दुसरे. ज्यांनी लंडनचे म्हणून नाक मुरडले असते, त्यांनी जमैकाचे समजून ते विकत घेतले आणि त्यावर नाचले. काम खरे, हात खरे, केवळ पत्ता खोटा.

वाचकहो, ह्यात हसण्यासारखे पुष्कळ आहे आणि आम्ही हसलोही. पण हसू ओसरल्यावर आठवले ते आपले दिवस. मुंबई-पुण्यात भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगण्यापूर्वी जीभ अडखळली नाही, असा आपल्यात कोण आहे? ह्या देशात आल्यावरही एखाद्या भारतीय समारंभात कोणी प्रेमाने 'पूर्ण नाव काय? गाव कोणते?' असे विचारले, की तो प्रश्न कोठे जाणार आहे हे कळून आपण विषय बदलला आहे. आपली हुशारी खरी होती, पदवी खरी होती. केवळ आडनाव मागे ठेवावे लागत होते. म्हणून कोऱ्या चकतीची गोष्ट आम्हांस परकी वाटली नाही.

नाव परत घेणे

आता ह्या संग्रहाचे महत्त्व ध्यानात यावे. निरनिराळ्या नावांनी, निरनिराळ्या गायकांच्या आड, थोड्या थोड्या प्रतींत निघालेल्या आणि विखुरलेल्या रचना एका निर्मात्याच्या नावाखाली एकत्र येणे, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतर दारावर आपली पाटी परत लावणे होय. असे प्रयत्न ह्यापूर्वीही झाले. २००३ साली 'प्रेशर साउंड्स' कंपनीने त्यांच्या डब रचनांचा एक संग्रह काढला. २०२२ साली 'ट्रोजन' कंपनीने 'द डबमास्टर' नावाने त्यांच्या कारकिर्दीचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. 'सफरर साउंड्स' ह्याचा आवाका त्याहून लहान आहे आणि तेच त्याचे बळ आहे. अवघ्या चार-पाच वर्षांचा काळ, एकच शहर, आणि साउंड सिस्टिमच्या भोवतालचे जग. ऐकणाऱ्यास तळघराच्या पायऱ्या उतरून गेल्यासारखे वाटते.

ह्याच काळात त्यांनी आणखी एक गोष्ट केली. दक्षिण लंडनमध्ये 'लव्हर्स रॉक' ह्या नावाने जो प्रेमगीतांचा प्रवाह सुरू झाला, त्याच्या घडणीत त्यांचा वाटा मोठा आहे. जमैकातील रेगेत पुरुषांचा आणि धर्मोपदेशाचा आवाज मोठा होता. इकडे लंडनमध्ये जन्मलेल्या-वाढलेल्या कृष्णवर्णीय मुली, शाळेच्या वयातल्या, आपल्या मनातले गाऊ लागल्या. त्यांतील जॅनेट के हिचे 'सिली गेम्स' हे बोव्हेल ह्यांनी रचलेले आणि घडविलेले गाणे १९७९ साली ब्रिटिश विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. तळघरातला आवाज राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर आला. २०२० साली स्टीव्ह मॅक्वीन ह्यांनी 'लव्हर्स रॉक' ह्याच नावाच्या चित्रपटात एका रात्रीची तशीच घरगुती मैफल दाखविली आणि तिच्या मध्यभागी हेच गाणे ठेवले. ह्या संग्रहात 'गेम ऑफ डब्स' म्हणून जी रचना आहे, ती ह्याच गाण्याचे डब रूप. ज्यांनी मूळ गाणे ऐकले आहे त्यांनी ती जरूर ऐकावी. लोकप्रिय गाण्याच्या पोटात केवढी रिकामी जागा ठेवलेली होती, ते तेव्हा उमगते.

आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट ह्या संग्रहाबाहेरची आहे, तरी ती येथे नोंदविली पाहिजे. २३ एप्रिल १९७९ रोजी साउथॉल येथे नॅशनल फ्रंट ह्या वंशद्वेष्ट्या पक्षाच्या सभेविरुद्ध आशियाई जनतेने निदर्शने केली. त्या दिवशी ब्लेअर पीच हा न्यूझीलंडहून आलेला गोरा शिक्षक डोक्यावर आघात होऊन मरण पावला. पोलिसाच्याच फटक्याने तो मेला असावा असा निष्कर्ष काढणारा अहवाल उजेडात यावयास २०१० साल लागले. त्याच दिवशी साउथॉलमधील 'पीपल युनाइट' ह्या केंद्रावर पोलिसांची धाड पडली. 'मिस्टी इन रूट्स' ह्या रेगे पथकाचे व्यवस्थापक क्लॅरेन्स बेकर ह्यांच्या डोक्यास गंभीर इजा झाली आणि पथकाची वाद्ये व ध्वनियंत्रे फोडली गेली. आशियाई वस्तीवर आलेल्या संकटात कृष्णवर्णीय कलावंतांनी रक्त सांडले होते. लिंटन क्वेसी जॉन्सन ह्या जमैकात जन्मलेल्या आणि शाळकरी वयातच ब्रिटनमधील ब्लॅक पँथर चळवळीत गेलेल्या कवीने पीचवर कविता रचली. ती १९८० साली 'बेस कल्चर' ह्या ध्वनिमुद्रिकेत आली. तिचे संगीत उभे केले डेनिस बोव्हेल ह्यांनी. आम्ही सही केलेल्या त्या अर्जाला तेव्हा पुरते एक वर्षही झाले नव्हते. आम्ही ज्यांचा आवाज बंद करविला, त्यांचेच बांधव आमच्यासारख्यांसाठी आवाज उठवीत होते.

२०२१ साली ब्रिटिश शासनाने बोव्हेल ह्यांना संगीतसेवेबद्दल 'एमबीई' हा किताब दिला. एके काळी ज्याला तुरुंगात धाडले, त्याच्याच नावापुढे राज्याने पदवी लावली, हे समाधानाचे आहे. परंतु किताब राज्य देते. नाव माणसाला स्वतः परत घ्यावे लागते. आमच्या दृष्टीने ह्या संग्रहाची किंमत त्या किताबाहून अधिक आहे.

काही आक्षेप

आपल्या मंडळीत ह्या संगीताविषयी दोन आक्षेप घेतले जातात आणि ते प्रामाणिक आहेत. पहिला असा, की रेगेभोवती गांजाचा धूर आहे आणि पंचशील पाळणाऱ्या कुटुंबात त्याचे कौतुक कशाला? पाचवे शील आम्ही मानतो आणि मुलांनीही मानावे. परंतु एखाद्या समाजाचे संगीत ऐकणे म्हणजे त्याचे प्रत्येक व्यसन स्वीकारणे नव्हे. दारूच्या अड्ड्याशेजारी गायली गेली म्हणून आपल्या वस्तीतील गाणी आपण टाकली असती, तर आपल्याजवळ काय उरले असते? दुसरा आक्षेप असा, की ह्या संगीतात रास्ताफारी पंथाचे देवभोळेपण आहे. तेही खरे. इथिओपियाच्या सम्राटास देव मानणे आपणांस मान्य होणार नाही. आपण देव सोडून आलेली माणसे आहोत. तथापि मालकाच्या धर्मात आपणांस माणुसकी मिळत नाही, हे ओळखून बाहेर पडण्याची जी तळमळ त्या पंथाच्या मुळाशी आहे, तिची थट्टा करण्याचा अधिकार १९५६ च्या वारसदारांस तरी नाही. त्यांचा मार्ग वेगळा, आपला वेगळा. ज्या घरातून दोघे निघाले, ते घर मात्र सारखेच होते.

आपल्या पेट्यांतील सूर

आता आपल्याकडे वळू. आपल्यापैकी किती घरांच्या माळ्यावर जुन्या कॅसेटची पेटी आहे? आमच्याकडे आहे. गावाहून येताना सामानात लोणच्याच्या बरणीशेजारी कपड्यांत गुंडाळून आणलेल्या त्या कॅसेट. काही बाजारात विकत घेतलेल्या. काही जयंतीच्या कार्यक्रमात टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन भरलेल्या, ज्यांत गाण्याइतकाच पोरांचा कालवा आहे. वरची चिठ्ठी वाचावी, तर 'भीमगीते, भाग दोन' किंवा 'अमुक शाहीर आणि पार्टी'. त्या 'पार्टी'त कोण होते? ढोलकी कोणाची? मागे कोरसात झील धरणारी बाई कोण? गीत कोणाचे? चिठ्ठी कोरी आहे. जमैकाचा आव आणण्यासाठी बोव्हेल ह्यांनी चकती मुद्दाम कोरी ठेवली होती. आपण ती निष्काळजीपणाने कोरी ठेवली.

वामनदादा कर्डकांनी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफण्याची रीत ठेवली. २००४ साली ते गेले. तरी त्यांची गाणी हजारो कंठांतून फिरताना नाव सोडून गेली नाहीत, ती ह्या रीतीमुळे. परंतु वामनदादांमागे ढोलकी धरणारे, पेटी वाजविणारे, गावोगावच्या जलशांत रात्र जागविणारे असंख्य हात होते आणि त्यांना कडवे नव्हते. त्यांचे नाव सांगू शकणारी माणसे आता सत्तरीत, ऐंशीत आहेत. चुंबकीय फीतही म्हातारी होते. माळ्यावरच्या उन्हाळ्याने आणि हिवाळ्यातील ओलाव्याने तिच्यावरचा थर सुटतो, फीत चिकटते, आणि एके दिवशी यंत्रात घातली की गुंता होऊन बाहेर येते. बोव्हेल ह्यांचा संग्रह निघू शकला, कारण कोणीतरी मूळ ध्वनिमुद्रणे फेकून दिली नव्हती. आपल्या ह्या पेट्या कोणी फेकून देण्यापूर्वी उघडल्या पाहिजेत.

आमची सूचना साधी आहे. येत्या जयंतीच्या कार्यक्रमास प्रत्येक कुटुंबाने आपल्या कॅसेट घेऊन यावे. आपल्या तरुण मुलामुलींना संगणकावर त्या उतरविण्याचे तंत्र ठाऊक आहे. त्यांनी ते काम अंगावर घ्यावे. आणि वडीलधाऱ्यांनी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसावे, गाणे ऐकावे आणि आठवेल तेवढे लिहून द्यावे: गायक कोण, गीत कोणाचे, ढोलकी कोणाची, गाव कोणते, साल कोणते. आठवत नसेल तेथे जागा मोकळी ठेवावी. खोटे नाव घालू नये. दोन-तीन वर्षांत ह्यातून एक संग्रह उभा राहील. तो निघो किंवा न निघो, निदान एका पिढीने दुसऱ्या पिढीशेजारी बसून ऐकलेले असेल.

दुसरी सूचना त्याहून साधी आहे. त्या कार्यक्रमास आपल्या कॅरिबियन शेजाऱ्यांस बोलवावे आणि त्यांच्याकडील तबकड्या आणावयास सांगावे. आपली ढोलकी त्यांनी ऐकावी, त्यांचा बेस आपण ऐकावा. एकमेकांचा पाया ऐकल्यावर भिंतीविषयी बोलणे सोपे जाते.

आमच्या नातीने विचारले, 'आजी, तुम्ही दोघे हे ऐकताना इतके गप्प का झालात?' तिला आम्ही वरील सर्व हकिगत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने तो संग्रह पुन्हा पहिल्यापासून लावला आणि आवाज थोडा वाढविला. स्वयंपाकघरातील मांडणी आता नाही. ताटे कपाटात असतात. तरीही ती किणकिणली. ह्या वेळी आम्ही उठून दार लावले नाही.

सही आम्ही पूर्ण नावाने केली होती. म्हणून ही कबुलीही आम्ही आमच्या नावानेच ह्या स्मरणिकेत देत आहोत. ज्या माउलीच्या दाराशी आम्ही मध्यरात्री उभे राहिलो, तिच्यापर्यंत हे मराठी पान पोहोचणार नाही, हे आम्ही जाणतो. आपल्या मुलांपर्यंत पोहोचले, तरी पुष्कळ झाले.

जयभीम! नमो बुद्धाय!